ऑरिन ट्रॅस्कचा हुकमी हुंदका

"ही भूमिका आपल्या खिशात आली म्हणून समज!" आरशासमोर काळ्या टायची गाठ मारत ऑरिन ट्रॅस्कने बायकोला सांगितलं.

"खिसा फाटका नाही ना, तेवढं बघून जा," वेल्मा म्हणाली. ती अंडी तळत होती. बरबँकमधल्या त्या घरात तेहतीस वर्षं दर दोन-तीन महिन्यांनी एक तरी भूमिका ऑरिनच्या खिशात आलेली असायची, त्यामुळे तिने मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही.

ऑरिन नट होता. भिकार नव्हे, चांगला नट! दीडशेच्या वर चित्रपटांत आणि मालिकांत तो दिसला होता. हॉटेलचा कारकून, दुसरा शेतकरी, लिफ्टमधला गृहस्थ. नायकाने धापा टाकत "तो कुठे गेला?" असं विचारलं की जो माणूस बोटाने "तिकडे" असं दाखवतो, तो ऑरिन. त्याचं तोंड अख्ख्या अमेरिकेच्या ओळखीचं होतं, आणि नाव एकालाही ठाऊक नव्हतं. मागच्याच आठवड्यात भाजीच्या दुकानात एका बाईने त्याला गाठून सगळ्यांदेखत झापलं होतं, "तुम्ही बसवलेला बंब अजून गळतोय!" ऑरिनने माफी मागितली. करतो काय? बाईला इतकी खात्री होती की त्यालाच वाटायला लागलं, बसवलाही असेल!

पण आजची गोष्ट निराळी होती. आज पहिल्यांदाच त्याच्या पात्राला नाव होतं. डेल काका! चांगले अकरा प्रसंग, आणि शेवटी रडणं. रडण्यात तर ऑरिनचा हात धरणारा कुणी नव्हता. डावा डोळा आधी भरायचा, मग उजवा, मग तो हुंदका.

त्याच्या एजंटीणबाई, एस्थर लेफ्को, फोनवर म्हणाल्या होत्या, "नीट ऐक. हा दिग्दर्शक जरा चक्रम आहे. संहिता नाही, कॅमेरा नाही. मॅग्नोलिया रस्त्यावरच्या चर्चचा हॉल घेतलाय. आत मयताच्या नंतरची बैठक मांडलेली असेल. तू मेलेल्या माणसाचा भाऊ, वीस वर्षांनी परत आलेला. आत शिरलास की सुरू! दिग्दर्शक स्वतः गर्दीत बसून असतो, ओळख देत नाही. आणि काय वाट्टेल ते झालं तरी भूमिका सोडायची नाही. जो सोडेल तो बाद!"

"बाद होणारे दुसरे!" ऑरिन म्हणाला होता.

आता त्या चर्चला हॉल दोन होते, एक खाली आणि एक वर. हे एस्थरबाईंना ठाऊक नव्हतं.

ऑरिन खालच्या हॉलच्या दारात उभा राहिला आणि थक्क झाला. काय मांडणी होती! टेबलावर एका गोल चेहऱ्याच्या म्हाताऱ्याचा फोटो, त्याला फुलं, खाली अक्षरं, 'मार्विन ऑस्टबी'. बाजूला ओव्हनमध्ये भाजलेलं बटाट्याचं कॅसरोल, हॅमची सँडविचेस, थरथरणारी लाल जेली. 'वाहवा, खाणंसुद्धा खरं!' त्याने एक सँडविच उचलून खात्री करून घेतली. खुर्च्यांवर तीस-चाळीस माणसं काळ्या कपड्यांत बसली होती. त्यातली काही रडत होती. ऑरिनने जाणत्या नजरेने पाहिलं. 'ही पुढच्या रांगेतली फारच भडक रडतेय. त्या जाड्याला तर रडताच येत नाही, नुसता नाक पुसतोय. हे लोक येतात तरी कुठून!'

मग त्याला कोपऱ्यातला माणूस दिसला. टक्कल, काळा चष्मा, मांडीवर हात, कुणाशी एक शब्द नाही. हाच तो दिग्दर्शक! ऑरिनने मुद्दाम त्याच्याकडे पाहिलं नाही, पण उभा राहिला तो त्याला आपला उजवा गाल दिसेल असा. उजवा गाल जास्त बरा होता.

एक धिप्पाड बाई पुढे आली. "आपण?"

ऑरिनने तीन मोजले. डावा डोळा भरला. "भाऊ," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला.

"कुणाचा?"

"त्याचा!" फोटोकडे थरथरतं बोट. दाखवण्याचा सराव तर तेहतीस वर्षांचा होता!

"अहो, मी मार्विनची बहीण. बर्निस. आम्ही दोघंच भावंडं. आम्हाला भाऊबिऊ कुणी नाही!"

ऑरिन मनातल्या मनात तिच्यावर खूश झाला. काय सुंदर पेच टाकला बाईने! दुसरा कुणी असता तर ततपप करून बाद झाला असता.

"बाबांनी तुला सांगितलं नाही तर," तो हळूच म्हणाला. "कसं सांगतील? दोन घरं सांभाळणाऱ्या माणसाला तोंड दोन्हीकडे बंद ठेवावं लागतं, बर्निस."

हॉलमध्ये अशी शांतता पसरली की जेलीसुद्धा थरथरायची थांबली. बर्निसबाईंनी आधाराला टेबल धरायला हात मागे नेला आणि त्यांचं कोपर थेट लाल जेलीत गेलं.

"आमचे बाबा देवमाणूस होते!" त्या किंचाळल्या. "कुठलं दुसरं घर? कुठे?"

आता गाव सांगणं भाग होतं. ऑरिनच्या तोंडाला जे आलं ते त्याने सांगितलं, "दुलुथ."

"मला ठाऊकच होतं!"

ही आरोळी चाकांच्या खुर्चीतून आली. तिथे त्र्याण्णव वर्षांच्या एडना आत्या बसल्या होत्या. मार्विन आणि बर्निसच्या सख्ख्या आत्या. "दर महिन्याला दुलुथला मासे धरायला जायचा आमचा वॉल्टर, तुझा बाप! बावीस वर्षं गेला! एक मासा घरी आला का? एक तरी?"

"आत्या, अहो काय बोलताय!"

"तू गप्प बस, कोपर पूस आधी. ये रे बाळा इकडे." त्यांनी अठ्ठावन्न वर्षांच्या बाळाचं नाक चिमटीत धरून उजेडाकडे वळवलं. "हे बघा! वॉल्टरचंच नाक! कुणाला अजून शंका आहे?"

लोक उठून उठून नाक बघायला लागले. नुसतं नाक पुसणारा तो जाडाही येऊन पाहून गेला आणि म्हणाला, "मी तर हे तोंड कुठेतरी नक्की पाहिलंय. दुलुथलाच पाहिलं असेल!" ऑरिनला गुदगुल्या होत होत्या. अशी साथ देणारी मंडळी त्याला जन्मात मिळाली नव्हती!

"भाऊजी."

मागे एक किरकोळ अंगाची बाई उभी होती. मार्विनची बायको, हेस्टर. ती रडत नव्हती. दोन्ही हातांत रुमाल घट्ट धरून उभी होती. "तुमची आणि त्यांची भेट व्हायची?"

"व्हायची, वहिनी. चोरून."

"मग..." ती अडखळली. "माझ्याबद्दल कधी काही बोलायचे?"

ऑरिनने तिच्या डोळ्यांत पाहिलं आणि आतून हलला. ही बाई नटी म्हणून केवढी मोठी! काहीच करत नव्हती, आणि तिच्याकडे बघवत नव्हतं. त्याने गाल, कोन, उजेड सगळं विसरून तिचा हात हातात घेतला.

"दुसरं काही बोलायचाच नाही," तो म्हणाला. "म्हणायचा, संध्याकाळी गाडी वळवली की आधी स्वयंपाकघराची खिडकी बघतो. तिथे ती दिसली की दिवस संपला. मग जगात काय चाललंय त्याच्याशी मला कर्तव्य नाही. म्हणायचा, हे तिला सांगायचंय, पण दारात गेलं की तोंडातून निघतं, 'आज जेवायला काय?'"

हेस्टरबाईंचा चेहरा आधी एकदम लहान मुलीसारखा झाला, आणि मग त्या रडल्या. ऑरिनही रडला. दोन्ही डोळे एकदमच भरले. हुंदका असा आला की तो त्याचा त्यालाच ओळखू आला नाही.

कोपऱ्यात टकल्या गृहस्थाने काळा चष्मा काढला, डोळे टिपले आणि भिंत चाचपडत बाहेर निघून गेला.

जिंकलं! ऑरिनने रुमालाने तोंड पुसलं, कोट सारखा केला आणि हॉलला कमरेत वाकून नमस्कार केला. "आभारी आहे, मंडळी! काय साथ दिलीत! बर्निसबाई, ती कोपराची कल्पना तर लाजवाब! बरं, कळवणार कधी?"

जाड्याचं नाक पुसणं अर्ध्यावर थांबलं.

तेवढ्यात दारातून एका मुलीने डोकं आत घातलं. हातात कागद अडकवलेली फळी होती. "माफ करा हं, तुमच्या दुःखाच्या वेळी त्रास देतेय. ऑरिन ट्रॅस्क म्हणून कुणी नट चुकून इकडे आलेत का? वर ऑडिशन आहे, त्यांचीच वाट बघतोय."

ऑरिनने फोटोकडे पाहिलं. मार्विन ऑस्टबीने फोटोतून ऑरिनकडे पाहिलं.

"नट?" बर्निसबाईंनी कॅसरोलमधला मोठा डाव उचलला.

ऑरिनने सगळं कबूल केलं. एजंटीण, दोन हॉल, डेल काका, सगळं. दुलुथला आपण जन्मात गेलो नाही, हेही सांगितलं. कोपऱ्यातल्या टकल्याला आपण दिग्दर्शक समजलो म्हटल्यावर बर्निसबाई ओरडल्या, "तो माझा नवरा, लॉइड!" बर्निसबाई डाव घेऊन टेबलाला वळसा घालून येत होत्या आणि ऑरिन उलट्या बाजूने वळसा घालत बोलत होता. एडना आत्यांना यातलं काही पटलं नाही. "नट असो नाहीतर न्हावी असो, नाक वॉल्टरचंच आहे! पोराला घाबरवू नका!"

"वन्सं, थांबा," हेस्टरबाई म्हणाल्या, आणि बर्निसबाई डाव उगारलेल्या तशाच थांबल्या. हेस्टरबाई ऑरिनजवळ आल्या. "खिडकीचं ते... तेही तुमचंच?"

खोटं बोलणं अगदी सोपं होतं. तेहतीस वर्षं त्याने दुसरं केलं काय होतं? पण त्याची जीभ उचलेना. "हो, बाई. माझंच. मला माफ करा."

हेस्टरबाईंनी रुमालाची घडी घातली. मग त्यांच्या ओठांचा कोपरा हलला. "वाटलंच मला. इतके शब्द त्यांच्या तोंडून एका दमात कधी निघालेच नसते. सेहेचाळीस वर्षांत मला म्हणाले एवढंच, की कॉफी बरी झालीय." त्यांनी डोळे पुसले. "पण 'आज जेवायला काय' हे मात्र रोज विचारायचे हो. दारातच." आणि बर्निसबाईंना ऐकू जाणार नाही इतक्या हळू त्या म्हणाल्या, "जा तुम्ही. ते खिडकीचं मी ठेवून घेते."

ऑरिन जिने चढून वर गेला. वरच्या हॉलमध्ये त्याने तेच सगळं पुन्हा केलं. डावा डोळा, उजवा डोळा, हुंदका. जीन्स घातलेला एक दाढीवाला पोरगेला माणूस जांभई आवरत म्हणाला, "पुरे. तुमच्या दुःखात फार अभिनय दिसतो हो. पाचच मिनिटांपूर्वी एक गृहस्थ येऊन गेले... जाऊ दे. कळवू तुम्हाला."

दुसऱ्या दिवशी सकाळी एस्थरबाईंचा फोन आला. वेल्मा शेजारी कान देऊन उभी होती.

"ऑरिन, मन घट्ट कर. डेल काका दुसऱ्याला मिळाले. कोण तो, कुणालाच ठाऊक नाही! टक्कल, काळा चष्मा, मोतीबिंदूचं नुकतंच ऑपरेशन झालेलं. भिंत धरत धरत आत आला, खुर्चीवर बसून ढसाढसा रडला, म्हणाला, 'माझा मेहुणा गेला हो, आणि आज दुसरा सापडला,' आणि मग विचारलं, 'इथे बाथरूम कुठे आहे?' दिग्दर्शक वेडाच झाला! म्हणतो, असा खरा अभिनय आजवर पाहिला नाही. त्या बाबाला वाटतंय, चर्चची कसलीतरी वर्गणी आहे. मुकाट्याने सही करून गेला!"

ऑरिन खुर्चीवर बसला. लॉइड. बर्निसबाईंचा नवरा. कबुलीजबाबाच्या वेळी तो हॉलमध्ये नव्हता!

"मला का सांगतेस हे सगळं?" तो क्षीण आवाजात म्हणाला.

"अरे, आता त्याला एजंट लागणार ना! सही वाचता येत नाही, पत्ता नाही, फोन नाही," एस्थरबाईंनी लाडीगोडीचा आवाज काढला. "फॉर्मवर 'जवळचे नातेवाईक' या रकान्यात त्याने लिहिलंय, 'नवीन मेहुणा. नाव विचारायचं राहिलं, पण भाऊ कुठे राहिला म्हणत इथली पोरगी त्यालाच शोधतेय.' ती पोरगी शोधत होती तुलाच! म्हणून म्हटलं, ऑरिन... माझ्यासाठी जरा शब्द टाकशील का?"