चंद्रावर रिकामी गाडी

जगातलं सगळ्यात हलकं अंतराळयान उमरग्यात तयार झालं आहे, अशी घोषणा शंभुलिंगनं सोमवारी सकाळी चहाच्या टपरीवर करून टाकली!

"चौदाशे आठ किलो!" तो म्हणाला. "फिनलंडच्या गड्याचं चौदाशे बारा हाय. चार किलोनं लोळवला त्याला!"

"आपल्या काट्यावर मोजलं व्हय?" टपरीवाल्यानं साखर ढवळत विचारलं.

आता यान होतं कम्प्युटरवर, ते काट्यावर चढणार कसं? पण शंका रास्त होती. कारण शंभुलिंगचा धंदाच वजनाचा. हैदराबाद हायवेला लागून वडिलांचा ट्रान्सपोर्ट आणि वजनकाटा. दिवसभर ट्रक तोलायचे, पावत्या काढायच्या आणि दोन ट्रकांच्या मधल्या वेळात त्याच कम्प्युटरवर यानं बांधायचा खेळ खेळायचा. खेळणाऱ्यांनी मिळून एक स्पर्धा काढली होती. एक माणूस चंद्रावर उतरवायचा, सुखरूप परत आणायचा, आणि हे सगळं कमीत कमी वजनात. नोंदणीचं उड्डाण फक्त एक. मुदत आज संध्याकाळी पाचपर्यंत.

तीन आठवडे शंभुलिंग यानाला सोलत होता. आधी दिवे गेले. मग शिडी गेली, दार गेलं, शेवटी छप्परही गेलं!

"अहो, मग त्यो माणूस बसतो कुठं?" बायकोनं, शुभांगीनं, विचारलं.

"खुर्चीवर."

"उघड्यावर?"

"तिथं वारा नसतो."

"ऊन तर असतं की! टोपी तरी द्या त्याला."

"टोपीला वजन असतं!" शंभुलिंग ओरडला. हल्ली तो जेवतानासुद्धा भाकरीकडं वजनाच्या नजरेनं बघायचा.

खरी अडचण मात्र आप्पांची, म्हणजे वडिलांची होती. सिद्रामप्पांची चाळीस वर्षं ट्रकच्या धंद्यात गेली, आणि त्या चाळीस वर्षांत त्यांनी पोराला एकदाही शाब्बास म्हटलं नव्हतं. दहावी पास झाला, तर म्हणाले, "गणितात कमी हाय." लग्न झालं, तर म्हणाले, "मांडव जरा डावीकडं झुकलाय." आणि हा खेळ तर त्यांच्या डोळ्यांत रोज सलायचा.

"पयला आलास तर शाब्बास म्हणीन," त्यांनी चार माणसांत कबूल केलं होतं. "न्हाय आलास, तर ते खेळणं कम्प्युटरातनं काढायचं. कायमचं!"

शंभुलिंगला खेळ जाण्याची भीती होतीच. पण त्याहून जास्त त्याला ती शाब्बासकी हवी होती. चौतिसाव्या वर्षी असं कुणाला सांगवत नाही, म्हणून तो फिनलंड फिनलंड करत होता, इतकंच.

चार वाजता उड्डाण करायचं ठरलं. आणि तीन वाजता काट्यावर बोंबाबोंब झाली! कृष्णराज नावाचा ड्रायव्हर कांद्याचा ट्रक घेऊन उभा होता.

"सकाळपेक्षा दीडशे किलो कमी! माझा माल तुमचा काटा खातो व्हय?"

जाणं भाग होतं. "आप्पा, जरा इथं बसा," शंभुलिंग म्हणाला. "पण कशाला हात लावू नका!"

"म्या कशाला लावतो?" सिद्रामप्पा म्हणाले, आणि त्यांनी चष्मा चढवला. तिथंच त्यानं सावध व्हायला हवं होतं.

बाहेर पाऊण तास भांडण झालं. काटा दोनदा तपासला, कांद्याची पोती मोजली. मग कळलं, की सकाळी दोन हमाल पोत्यांवर बसून आले होते आणि आता ते खाली चहा पीत होते! त्यांना पुन्हा वर चढवलं, वजन किलोला किलो जुळलं, आणि घामाघूम शंभुलिंग आत आला.

पडद्यावर आभाळ होतं. आभाळात धूर होता.

"आप्पा! हे काय?"

"गाडी सोडली."

"ही माझी गाडी न्हाय!"

"तुझीच हाय. तू कशी जोडतोस ते रोज बघतो की. जरा नीट केली."

नीट म्हणजे कशी! दोन अंगाला मालाच्या दोन भरलेल्या पेट्या. मागं एक भलंमोठं चाक. आणि खुर्चीशेजारी दुसरी खुर्ची, तिच्यावर दुसरा माणूस!

"पेट्या कशाला?"

"गाडी रिकामी चालली व्हती! आपल्या दारातनं रिकामी गाडी कधी गेली का? आन् एकाच अंगाला माल भरला की पलटी हुती, म्हणून दोन."

"आणि हे चाक?"

"स्टेपनी."

"आणि ह्यो कोण?"

"क्लीनर."

"चंद्रावर क्लीनर?"

"मागं घेताना बघणार कोण? तुझा बा? टाकीबी अर्धीच व्हती, फुल केली. मग भरलेली गाडी उभी कशाला ठेवायची? हिरवं बटन दिसलं, दाबलं. पावतीचं बटनबी हिरवंच असतं की!"

कोपऱ्यात वजनाचा आकडा चमकत होता. सहा हजार दोनशे चाळीस किलो! नोंदणीचं एकमेव उड्डाण! शंभुलिंगनं कपाळावर हात मारून घेतला आणि खेळ बंद करायला हात पुढं केला.

"भरलेली गाडी वाटंत सोडतोस व्हय रं?" सिद्रामप्पा गरजले. हायवेवर भलेभले ड्रायव्हर ज्या आवाजाला टरकायचे, तोच आवाज!

शंभुलिंग मुकाट्यानं खुर्चीत बसला. यान चंद्रावर नेलं, उतरवलं, पेट्या रिकाम्या केल्या. क्लीनरही उतरून उभा राहिला. टाकी फुल असल्यामुळं परतीचं इंधनही पुरून उरलं, ही गोष्ट त्याला जास्तच झोंबली. पाचला आठ मिनिटं कमी असताना गाडी दोघांना घेऊन पृथ्वीवर पोचली.

यादी लागली. नोंदी एकशे एकोणीस. फिनलंड पहिला. उमरगा एकशे एकोणिसावा!

शुभांगी चहा घेऊन आली होती. सिद्रामप्पांनी पडद्यावर बोट ठेवलं आणि चाळीस वर्षं काट्याच्या पावत्या वाचायचे तसे ते आकडे वाचू लागले.

"फिनलंड, चौदाशे बारा... ह्यो पंधराशे... आन् उमरगा, सहा हजार दोनशे चाळीस! आरं, तुझ्याएवढा माल कुणीच न्हेला न्हाय की!"

"आप्पा, ते..." शंभुलिंगनं तोंड उघडलं. शुभांगीनं त्याचा पाय दाबला.

"शाब्बास!" सिद्रामप्पांनी त्याच्या पाठीवर अशी थाप मारली की चहा सांडला.

शंभुलिंगनं सांडलेला चहा बाहीनं पुसला. राग आलाय की आनंद झालाय, ते त्यालाही कळेना. जाऊ दे फिनलंडला पहिला नंबर! आप्पांचा हात अजून पाठीवरच होता.

"पर पेट्यांत आता काय हाय?" आप्पांनी विचारलं.

"काही न्हाय. माल तिथं उतरवला."

"मंजी येताना रिकामी आली?"

"चंद्रावर कुठला माल, आप्पा? नुसती दगडं हायती!"

"मग दगडं भरायची! क्लीनर दिला व्हता की बरोबर. त्यो काय तिथं हवा खायला गेलता?"

पाठीवरचा हात निघून गेला.

"खेळणं कम्प्युटरात राहू दे," सिद्रामप्पा चष्मा काढत म्हणाले. "उद्या परत जा. दगडं घेऊन ये. मग बघू शाब्बासकीचं."