झोपून बघतो

तीन आठवड्यांपूर्वी दिल्लीहून पुण्याच्या ऑफिसात आलेल्या राजनंदिनी मल्होत्रा मॅडम प्रश्न विचारून दोन सेकंद थांबत. तिसऱ्या सेकंदाला त्या पुढच्या माणसाकडे वळत. उत्तरेश्वर घोगरे यांना साध्या प्रश्नावर विचार करायलासुद्धा एक अख्खा दिवस लागे. घरातला पंखा घ्यायला त्यांनी अकरा दिवस घेतले होते. चार दुकानांतले बारा पंखे त्यांनी खाली उभं राहून, डोळे मिटून ऐकले होते. तो पंखा एकोणीस वर्षं कुरकुर न करता फिरत होता, पण हे मॅडमना कोण सांगणार?

कंपनी रक्त-लघवीच्या तपासण्या करणारी. मुख्य ऑफिस खराडीत, आणि नमुने घ्यायची अकरा सेंटर शहरभर. उत्तरेश्वर खरेदी विभागात. टेबलापासून थर्मामीटरपर्यंत जे काही कंपनीत येई, ते त्यांच्या नजरेखालून येई. मॅडमनी आल्या आल्या एका जुन्या माणसाला ‘स्लो’ ठरवून कात्रजच्या सेंटरवर पाठवलं होतं. विश्रांतवाडीत राहणाऱ्या उत्तरेश्वरांना रोज कात्रज गाठायचं म्हणजे अर्धं आयुष्य सिग्नलला काढायचं.

“बाबा, तुम्ही गप्प बसता ना, तोच प्रॉब्लेम आहे,” अकरावीतली पूर्वा म्हणाली. “त्यांना वाटतं, तुम्हाला कळलंच नाही. काहीतरी बोलायचं. विचार करतोय असं सांगणारं एखादं वाक्य टाकायचं. टाइम मिळतो.”

“मराठीत ‘बघतो’ म्हटलं की भागतं.”

“इंग्लिशमध्ये ‘आय विल सी’ म्हणालात तर त्यांना वाटेल धमकी देताय.”

पूर्वाने वहीच्या पानावर वाक्यं लिहून दिली. ‘लेट मी थिंक इट ओव्हर.’ ‘आय विल गिव्ह इट सम थॉट.’ ‘आय अ‍ॅम वेइंग द प्रोज अँड कॉन्स.’ त्याखाली ‘आय विल मल इट ओव्हर.’

“मल?” स्वयंपाकघरातून ललिता बाहेर आली. “हे काय शिकवतेस त्यांना?”

“आई, मल म्हणजे घोळवणं. मनात घोळवणं.”

“इंग्रजीत असेल. यांच्या ऑफिसात त्याची बाटली असते. ते वाक्य काढ आधी.”

ते वाक्य निघालं आणि त्याजागी आलं, ‘लेट मी स्लीप ऑन इट.’

“यात झोपेचा काय संबंध?” उत्तरेश्वरांनी विचारलं.

“म्हणजे आत्ता नाही, उद्या सांगतो. झोपून उठलं की डोकं क्लिअर होतं, म्हणून.”

उत्तरेश्वरांना हे वाक्य मनापासून आवडलं. घाई करू नये हे इंग्रजांनाही कळलं होतं, आणि त्यांनी ते भाषेत घालून ठेवलं होतं. आयुष्यभर लोक आपल्याला ज्याबद्दल नावं ठेवत आले, त्याला तिकडे इतके प्रतिष्ठित शब्द आहेत याचं त्यांना फार बरं वाटलं. आंघोळ करताना त्यांनी चारही वाक्यं पाठ केली.

गुरुवारच्या मीटिंगमध्ये मॅडमनी पडद्यावर एका सोफ्याचं चित्र लावलं. राखाडी, गुबगुबीत, जमिनीला टेकल्यासारखा. अकराही सेंटरच्या वेटिंग रूमसाठी असे चाळीस सोफे घ्यायचे होते. फर्निचर कंपनीचा माणूस संतोष डायरी उघडून कोपऱ्यात बसला होता. सगळ्यांनी ‘लुक्स ग्रेट’ म्हटलं. मॅडम वळल्या.

“उत्तरेश्वर?”

एक सेकंद गेला. दुसरा गेला.

“लेट मी स्लीप ऑन इट,” उत्तरेश्वर म्हणाले.

मॅडम थांबल्या. या माणसाच्या तोंडून त्यांनी एवढं लांब वाक्य प्रथमच ऐकलं होतं. “फाइन,” त्या म्हणाल्या. “ही विल स्लीप ऑन इट. मंडेला फायनल करू.”

शेवटचं वाक्य त्यांनी चक्क मराठीत म्हटलं, पण उत्तरेश्वर आपल्याच पराक्रमात इतके बुडाले होते की त्यांच्या ते लक्षातही आलं नाही. संतोषने मात्र मान डोलावत डायरीत काहीतरी लिहून घेतलं.

शनिवारी सकाळी साडेनऊला उत्तरेश्वरांच्या सोसायटीखाली टेम्पो येऊन उभा राहिला. इमारत चार मजल्यांची, लिफ्ट नाही. घोगरे तिसऱ्या मजल्यावर. ते ललिताबरोबर भाजी घेऊन परत येईपर्यंत तीन हमालांनी तो राखाडी सोफा दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्यामधल्या वळणापर्यंत आणला होता. तिथे तो अडकला. आडवा केला, उभा केला, तिरका केला. शेवटी हमालांनी तो वळणावरच्या जागेत भिंतीला टेकवून सरळ ठेवला, “नाय जात,” म्हणाले, आणि निघून गेले.

उत्तरेश्वरांनी संतोषला फोन लावला. “अहो, हा सोफा माझ्या घरी कशाला?”

“सर, तुम्हीच म्हणालात की, झोपून बघणार,” संतोषच्या आवाजात आदर मावत नव्हता. “ऑफिसातनं पत्ता घेतला. बारा वर्षं हाय मी या लाइनला. लोक फोटो बघून ऑर्डर देत्यात. खुर्चीवर बसूनसुदिक कोण बघत नाय, आन तुम्ही झोपून बघणार! मी घरी सांगितलं, म्हटलं असा मानूस पायला नाय.”

आपण काय बोललो आणि याने काय ऐकलं ते उत्तरेश्वरांना कळलं. पण ते सांगायचं कसं? सांगितलं तर सोमवारी ऑफिसभर होईल की खरेदीवाल्या साहेबांना आणि फर्निचरवाल्याला मिळून एका वाक्याचं इंग्रजी येत नाही. पुढचा स्टॉप कात्रज.

“बरं,” ते म्हणाले. “बघतो.”

तेवढ्यात सोसायटीचे चेअरमन आप्पासाहेब लिमये पहिल्या मजल्यावरून वर आले. सोफ्याकडे त्यांनी चष्म्यावरून पाहिलं.

“जिन्यात दिवाणखाना काढलात? उत्तम. आम्हाला आमंत्रण पोचलं नाही एवढंच.”

“आप्पासाहेब, सोमवारी जाईल.”

“असू दे की! टीपॉयही आणा. येणाऱ्याजाणाऱ्याला पाणी विचारायला एक माणूस ठेवा.”

आप्पासाहेब खाली गेले आणि सोफ्याच्या बाजूला फर्निचर कंपनीच्या नावाचं जे लेबल होतं, त्यावरचा फोन नंबर त्यांनी जाता जाता टिपून घेतला.

दुसरा कोणी असता तर दार लावून सोमवारची वाट बघत बसला असता. उत्तरेश्वर खुर्ची घेऊन दारात बसले. सोफा आलाच आहे, आणि ‘बघतो’ आपण म्हटलंय, तर बघितला पाहिजे. पूर्वाचं वाक्य त्यांनी वेळ काढायला वापरलं होतं. पण विचार करतो असं सांगून विचार न करणं त्यांना जमत नसे. त्यांनी मांडीवर वही घेतली.

पहिली आली चौथ्या मजल्यावरची श्रद्धा. जिना चढून दमली होती, धपकन बसली, फोनवर काहीतरी बघितलं, टुणकन उठून गेली. उत्तरेश्वरांनी लिहिलं : वय चोवीस, अडचण नाही.

मग आल्या शेजारच्या तुळजाबाई, वय बहात्तर, हातात दोन पिशव्या. सोफा बघून त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी उत्तरेश्वरांना तीन आशीर्वाद दिले आणि बसल्या. बसल्या त्या बसतच गेल्या. गुडघे नाकापाशी आले. पाच मिनिटांनी त्यांनी उठायचा प्रयत्न केला. हात टेकायला कडेला काही नव्हतं आणि गादी हाताखाली आत जात होती.

“उत्तरेश्वरा, मला यातून काढ रे बाबा,” तुळजाबाई म्हणाल्या.

उत्तरेश्वर आणि ललिता, दोघांनी मिळून त्यांना उभं केलं. मग उत्तरेश्वरांनी टेप आणून सोफ्याची उंची मोजली, घरातल्या खुर्चीची मोजली आणि बराच वेळ दोन्ही आकड्यांकडे बघत राहिले. आपल्या सेंटरवर येतं कोण? उपाशीपोटी साखर तपासायला आलेली साठी-सत्तरीची माणसं. एका हाताला कापसाचा बोळा. तो हात दुमडलेला. उठायला एकच हात मोकळा.

दुपारी आप्पासाहेब पुन्हा आले. तक्रार केल्याचं सांगायला आले होते. भांडायला बैठक हवी म्हणून तेही बसले.

“मी वरिष्ठांपर्यंत कळवलंय,” ते खालून वर बघत म्हणाले. “नियम म्हणजे नियम. मी स्पष्टच सांगतो आणि जातो.” त्यांनी स्पष्ट सांगितलं. मात्र गेले नाहीत. दोनदा पुढे झुकून मागे आले. “आपण जरा हात देता का?” त्यांनी अत्यंत हळू आवाजात विचारलं.

शनिवार संपेपर्यंत वहीत सतरा माणसं झाली होती.

रविवारी सकाळी दहाला जिन्यात टाचांचा आवाज आला. राजनंदिनी मॅडम स्वतः आल्या होत्या. आप्पासाहेबांनी फर्निचर कंपनीला फोन केला होता, त्यांनी ऑफिसला, ऑफिसने मॅडमना. सोफ्यासमोर त्या कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या आणि त्यांच्या तोंडून सलग दीड मिनिट इंग्रजी बाहेर पडलं. त्यातलं ‘व्हॉट इज धिस’ उत्तरेश्वरांना कळलं. बाकी अंदाजाने. दारात ललिता आणि पूर्वा, खालच्या पायरीवर आप्पासाहेब.

“आय अ‍ॅम वेइंग द प्रोज अँड कॉन्स,” उत्तरेश्वर म्हणाले.

“ऑन द स्टेअरकेस?”

याला वहीच्या पानावर उत्तर नव्हतं. मॅडमनी एक लांब सुस्कारा सोडला, पर्स बाजूला ठेवली आणि चिडून सोफ्यावर बसल्या. गुडघे वर आले. चेहऱ्यावरची चीड तशीच राहिली, फक्त ती दीड फूट खाली गेली. त्यांनी उठायला जोर लावला. पुन्हा लावला. एक सँडल निसटून दोन पायऱ्या खाली गेली.

“आई गंऽ! अडकलो की वो मी!” राजनंदिनी मॅडम ओरडल्या. “आवो, बघताय काय नुसतं? हात द्या की!”

ललिता पुढे धावली, पाठोपाठ उत्तरेश्वर. दोघांनी मिळून मॅडमना बाहेर काढलं. आप्पासाहेबांनी सँडल आणून दिली.

“मॅडम, कोल्हापूरकडच्या का?” ललिताने विचारलं.

“कागलची.” मॅडमनी साडी सारखी केली. “मल्होत्रा सासरचं.”

“मग तीन आठवडे मी उगाच इंग्रजी...” उत्तरेश्वर म्हणाले.

“तुम्ही इंग्लिशमध्येच उत्तर देता, मग मी काय करू? मला वाटलं, मराठीत बोललं तर तुम्हाला कमीपणा वाटंल.”

चहा झाला. तेव्हा मॅडमनी सांगितलं, की दिल्लीत पहिल्या वर्षी त्या बोलता बोलता शब्द आठवायला थांबल्या की लोक हसायचे. तेव्हापासून थांबायचंच नाही, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. थांबणारा माणूस दिसला की त्यांचाच जीव घाबरा होई.

“बोला आता तुम्ही,” त्या म्हणाल्या. “सावकाश बोला.”

उत्तरेश्वर पंचवीस मिनिटं बोलले. गादीची खोली, बैठकीची उंची, दुमडलेला हात, उपाशीपोटी येणारी चक्कर. संतोषच्या गैरसमजाची गोष्टही सांगून टाकली. मॅडम मध्ये एकदाही बोलल्या नाहीत. पूर्वा दारात उभी राहून आपल्या बापाकडे असं बघत होती, की जणू या गृहस्थांना ती आजच भेटत होती.

सोमवारी चाळीस सोफ्यांची ऑर्डर रद्द झाली आणि उंच बैठकीच्या, दोन्ही बाजूंना दांडे असलेल्या खुर्च्या ठरल्या. त्या संतोषकडूनच घ्यायच्या, असं उत्तरेश्वरांनी सुचवलं. माल घरी पाठवून बघू देणारा विक्रेता त्यांनीही आधी पाहिला नव्हता. पुण्यातल्या मॅडमनी चित्र बघून पसंत केलेला सोफा पुण्यातल्याच माणसाने का नाकारला, हे दिल्लीला कळवायचं होतं, म्हणून उत्तरेश्वरांच्या वहीतली यादी टाइप करून अहवालाला जोडली. तुळजाबाई, वय बहात्तर, दोन माणसांची मदत लागली. आप्पासाहेब लिमये, वय अडुसष्ट, एका माणसाची मदत. मदत मागायला वेळ घेतला. यादीत शेवटी अठरावी नोंद होती : महिला, वय अंदाजे पंचावन्न, नोकरी, दोन माणसांची मदत, नाव गोपनीय.

मॅडमनी अहवाल पहिल्या ओळीपासून नीट वाचला. अठराव्या नोंदीपाशी बराच वेळ थांबल्या. मग पेन उघडून त्यांनी ‘पंचावन्न’ खोडलं, वर ‘एकोणपन्नास’ लिहिलं, आणि खाली सही केली.