नेरूरकरकाकांची मखमल

लिहिणं हा माझा प्रांत नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मीच पहिला; त्यातून वडीलधाऱ्या माणसावर लिहायचं म्हणजे आगाऊपणाच. वाचकांनी सांभाळून घ्यावं. पण घाटकोपरच्या आमच्या चाळीत शेजारी राहणारे नेरूरकरकाका जेवणाचं ताटसुद्धा एकाच दिशेनं पुसतात, हे कुणीतरी सांगायला हवं.

उलटा हात फिरलेला त्यांना खपत नाही. आई खिडकीची काच पुसायला लागली की ते दारातून म्हणणार, "वहिनी, एका बाजूनं."

"भावोजी, लग्न केलं असतंत तर बायको पळून गेली असती," आई म्हणते.

काका अंधेरीच्या एका कारखान्यात सुपरवायझर. कॅल्क्युलेटरचे आकडे ज्यात उमटतात त्या लिक्विड क्रिस्टलच्या काचा तिथे बनतात. काचेला पातळ लेप देऊन ती मखमलीनं एकाच दिशेनं घासली, की आतले स्फटिक रांगेत बसतात आणि आकडा काळाभोर दिसतो. हे घासायचं काम मुली करतात. पण निम्म्या काचांवर आकडे पुसट यायचे. मालकांनी शेवटचं सांगितलं होतं, की गिऱ्हाइकानं पुढचा नमुना परत केला तर विभाग बंद, काचा बाहेरून मागवू. काकांना स्टोअरमध्ये जागा होती. मुली मात्र घरी जाणार होत्या.

काका मग मखमलीच्या मागे लागले. कापडाच्या दुकानात ते मखमल गालावरून फिरवून बघायचे. एकट्याला लाज वाटते म्हणून मला सोबत न्यायचे.

"कुणासाठी घेताय, काका?" दुकानदार हसत विचारायचा.

"काचेसाठी," काका गंभीरपणे सांगायचे.

एके दिवशी त्यानं एकाच ताग्यातले दोन तुकडे पुढे टाकले. एक गडद, दुसरा फिका. काका चिडून रंगावरून वाद घालू लागले. दुकानदारानं गुपचूप एक तुकडा फिरवून ठेवला. दोन्ही सारखे! मखमलीच्या लवेलाही दिशा असते. कारखान्यात हात सरळ चालत होते, पण कापड कसंही लावलं जात होतं.

"अरे मेल्या," काका मला म्हणाले, "वाट लागली ती इथे."

कापडाच्या पाठीवर खडूचे बाण आले. नव्या काचांवरचा आकडा मी मान वाकडी करूनही वाचला. झकास.

नमुना गेला. निकालाचा फोन खालच्या वाण्याकडे येणार होता, म्हणून काका सुट्टीच्या दिवशी सकाळपासून तिथे उभे. तुमची नोकरी तर पक्की आहे, मग एवढी काळजी कशाला, असं मी जरा भीतभीतच विचारलं.

"घरी मी एकटाच जेवतो रे," ते वाण्याच्या पोत्यांकडे बघत म्हणाले. "तिथे पोरी डब्यातलं वाढतात, नाही खाल्लं तर ओरडतात. स्टोअरमध्ये कोण ओरडणार?"

दुपारी फोन वाजला. नमुना पास झाला होता, मोठी ऑर्डर आली होती, मालक खूश होते. काकांनी ते सगळं हूं हूं करत ऐकून घेतलं आणि मुलींचं काय ते विचारलं. मग रिसीव्हर ठेवून माझ्याकडे वळले.

"सगळ्या राहिल्या. वर आणखी चौघी घेतायत."