निळ्या माशाचं मूळ कारण

जगात कोणतीही गोष्ट विनाकारण घडत नाही, हे गुणवत्ता विभागातल्या माणसाला पगारासोबतच मान्य करावं लागतं. रहाटणीचे श्रीपादराव चाकणच्या एका कंपनीत ब्रेकचे भाग तपासतात. भाग बिघडला की पाच वेळा 'का?' विचारायचं आणि पाचव्या उत्तराला मूळ कारण मानून सही ठोकायची, अशी तिथली शास्त्रशुद्ध पद्धत आहे. (सहावा 'का' विचारणाऱ्याची बदली होते.)

घरात मात्र मोठाच बिघाड झाला होता. लहानपणी बापाच्या मागे गाडीवर बसून अखंड बडबडणारी त्यांची लेक, पूर्वी नावाची, बारावीत गेली आणि 'हं' व 'नको' एवढ्या दोन शब्दांत भागवू लागली. उरलेला वेळ ती एक अ‍ॅनिमे, म्हणजे जपानी कार्टून, मालिका बघे. त्यात एक मुलगी रिकाम्या शाळेत जाते, वर्गात छत्री उघडते, हवेतून एक निळा मासा पोहत जातो. भाग संपतो.

"याचा अर्थ काय गं?" श्रीपादरावांनी विचारलं.

"तुम्हाला नाही कळणार, बाबा."

सलग चार शब्द! महिन्यातला उच्चांक. अर्थ लागला तर पोरगी आणखी बोलेल, असा हिशेब करून त्यांनी काम हाती घेतलं.

कंपनीच्या बसमध्ये तज्ज्ञ समिती आपोआपच भरली.

"मासा म्हणजे ओव्हरटाइम, राव," शेजारच्या सीटवरचा रणजीत म्हणाला. "दिसतो सगळ्यांना, हाताला लागत नाही."

मागच्या सीटवरच्या मालोजींच्या मते मासा म्हणजे आत्मा. (कँटीनचा रस्साही त्यांच्या मते आत्माच आहे, कारण त्यातही शोधून काही सापडत नाही.)

रविवारी श्रीपादरावांनी हॉलच्या भिंतीवर चार्टपेपर चिकटवला. मासा का? वर्गात पाणी आहे म्हणून. पाणी का? छत गळतं म्हणून. का गळतं? देखभाल नाही म्हणून. का नाही? शाळेत कोणी उरलं नाही म्हणून. का उरलं नाही? इथे पेन अडखळलं. मग इतक्या वर्षांच्या सवयीने हात आपसूक चालला, आणि कंपनीतला प्रत्येक बिघाड ज्या उत्तरापाशी सुखाने डोळे मिटतो, तेच उत्तर उमटलं: 'संबंधितांना प्रशिक्षण अपुरे.' उपाययोजना: 'मुलगी व मासा यांना फेरप्रशिक्षण द्यावे.'

पूर्वी पाणी प्यायला बाहेर आली, भिंत वाचली आणि फरशीवर बसून हसत सुटली.

"अहो बाबा, माशाला कोण शिकवणार?"

"कंपनीत नवीन लोकांना रणजीत शिकवतो," श्रीपादराव गंभीरपणे म्हणाले. "पण खरा अर्थ काय, ते तरी सांग."

"मला तरी कुठे कळलाय?" ती डोळे पुसत म्हणाली. "म्हणून तर बघते. किती मार्क पडले, पुढे काय करणार, सगळे दिवसभर विचारतातच की. तो मासा काही विचारत नाही. बसा तुम्हीपण. पण 'का' विचारायचं नाही हं."

गुणवत्ता विभागातल्या माणसाला एवढी कठोर अट आजवर कोणी घातली नसेल. श्रीपादराव बसले. छत्री उघडली. मासा आला, गेला. त्यांनी दातांखाली ओठ धरला.

"बघितलंत? आज डावीकडून आला!" पूर्वी म्हणाली. मग छत्रीवरून शाळेवर, शाळेवरून कॉलेजवर आणि तिथून केमिस्ट्रीच्या बाईंवर अशी तिची गाडी जी सुटली, ती थांबेना. बाप नुसता मान हलवत राहिला.

स्वयंपाकघरातून शैलाताईंचा, म्हणजे श्रीपादरावांच्या बायकोचा, आवाज आला, "अहो, चहा गार होतोय!"

(याचा अर्थ, चहा गार होत होता. आणखी अर्थ शोधायला तुम्ही कुठे निघालात?)