देवी काही जाईना

खोटं बोलायचंच झालं तर लहानसं बोलावं, म्हणजे सांभाळायला सोपं जातं, असं राजेश्वरीचं मत होतं. (राजेश्वरीची अशी बरीच मतं होती. त्यांतलं एकही आजवर परीक्षेत उपयोगी पडलं नव्हतं.)

रविवारची सकाळ. दारात क्रुझर येऊन उभी. चुलत सासूबाई छबूबाई यांच्या मुलाचं, करणचं लग्न पुढच्या मंगळवारी आणि बस्ता बांधायला सगळी भावकी श्रीरामपूरला निघालेली. एकदा बस्त्याला बसलं की दिवस गेला. त्यानंतर पापड, मग शेवया, मग रुखवत, मग हळद. आणि त्याच आठवड्याच्या पलीकडे, सोमवारी दुपारी दोन वाजता, नगरला राजेश्वरीचा सी.ए. इंटरच्या दुसऱ्या ग्रुपचा पहिला पेपर. तो झाला की बुधवारी दुसरा आणि शुक्रवारी तिसरा.

पहिला ग्रुप तिने तिसऱ्या खेपेला सोडवला होता. दुसऱ्यात ती दोनदा अडकली होती. आता ही शेवटची खेप. हे तिचं म्हणणं नव्हतं, सासूबाईंचं होतं. साळूबाईंनी संक्रांतीलाच सांगून टाकलं होतं, "ह्या बारीला झालं तर झालं. न्हाई तर गुमान दुकानात बसायचं. अमृतला एकट्याला पेंडीची पोती अन् गिऱ्हाईक दोन्ही हुत न्हाई." अमृत म्हणजे राजेश्वरीचा नवरा. त्याचं घोडेगावच्या जनावरांच्या बाजाराजवळ पशुखाद्याचं दुकान होतं. उलट नगरच्या एका सी.ए. बाईंनी आपल्या ऑफिसात राजेश्वरीसाठी आर्टिकलशिपची, म्हणजे उमेदवारीची, एक जागा जुलैपर्यंत राखून ठेवली होती. एकीकडे काचेचं दार आणि कुलर, दुसरीकडे सरकी पेंड.

"राजे, आवरलं का न्हाई?" छबूबाईंनी गाडीतून हाक मारली. "पुस्तक ठिव की बाजूला. शी.ए. झाल्यावं सरकारी नोकरी तरी हाय का?"

"नाही, मोठ्या आई. पण—"

"मग कशाला एवढी जळती?"

त्याच क्षणी तीन वर्षांची संस्कृती झबलं वर करून पोट खाजवत दारात आली. पोटावर डास चावल्याचे तीन लाल ठिपके. राजेश्वरीच्या तोंडून निघून गेलं, "मोठ्या आई, मला नाही येता यायचं. हिला कांजिण्या झाल्यात वाटतं."

तिचा हिशोब साधा होता. ती नगरच्या सावेडीत वाढलेली. साथीच्या काळात नुसतं शिंकलं तरी शेजारी दार लावून घेत, हे तिने पाहिलेलं. कांजिण्या म्हटलं की कोणी फिरकणार नाही, आठ दिवस घर शांत आणि आपण पुस्तकात.

गाडीचं इंजिन बंद झालं. सगळी भावकी खाली उतरली. छबूबाईंनी चपला काढल्या, अनवाणी दारात आल्या आणि संस्कृतीच्या पायावर डोकं ठेवलं.

"देवी आल्या!" त्या गहिवरून म्हणाल्या. "अगं साळू, तुज्या घरी देवी आल्या अन् तू बस्त्याला निघाली व्हय?"

बस्ता राहिला बाजूला. अर्ध्या तासात दाराला लिंबाचा डहाळा लागला, गोमूत्र शिंपडलं गेलं आणि घराचा कारभार देवीच्या नावाने साळूबाईंनी हातात घेतला. नियम ऐकून राजेश्वरी भिंतीला टेकली. नऊ दिवस घरात फोडणी नाही. तळण नाही. केस विंचरायचे नाहीत. पुरुषांनी दाढी करायची नाही. बाहेरून आलं की पाय धुऊनच उंबऱ्याच्या आत.

"आन् घरच्या बाईनं शीव वलांडायची न्हाई," छबूबाईंनी शेवटचं कलम वाचून दाखवावं तसं सांगितलं. "नऊ दिस."

राजेश्वरीने बोटं मोजली. रविवार धरून नववा दिवस सोमवार. (एवढं मोजायला सी.ए. व्हावं लागत नाही.)

"मोठ्या आई, सोमवारी माझा पेपर आहे."

"पेपर दरसाली येतो. देवी एकदाच येती."

"आपण डॉक्टरांना तरी दाखवू या. ते म्हणतील की डास..."

"देवीला सुई टोचती का काय!" साळूबाई ओरडल्या आणि विषय संपला.

लगेच लोक यायला लागले. कांजिण्यांना घाबरून कोणी येणार नाही हा अंदाज इतका चुकला की दुसऱ्याच दिवशी सकाळी दारात पाय धुवायला रांग लागली. बायका दहीभात आणत, संस्कृतीला कुंकू लावत, पाया पडत आणि मग राजेश्वरीला विचारत, "ताप हाय का?" ताप नव्हता. मंगळवारपर्यंत ठिपकेही गेले. राजेश्वरीला वाटलं, सुटले. तिने मुद्दाम सगळ्यांसमोर मुलीचं झबलं वर केलं.

"बघा, एकही फोड नाही!"

छबूबाईंनी चष्मा लावून पाहिलं आणि त्यांचा चेहरा गंभीर झाला. "आतून फुलल्यात. लई कडक हाय ही."

पण खरी गोष्ट पुढेच होती. देवी अंगात असताना लेकराला रागवायचं नसतं. नाही म्हणायचं नसतं. हट्ट करील ते द्यायचं, कारण मागतंय ते लेकरू नव्हे, देवी मागतेय. ही बातमी संस्कृतीला कुणी सांगितली कोण जाणे, पण मंगळवारी दुपारपर्यंत तिला आपल्या पदाची पूर्ण कल्पना आली. सकाळी बर्फाचा गोळा, दुपारी कुरकुरे, संध्याकाळी परत गोळा. आजीच्या मांडीवर पाय, काकूच्या हातचा झोका.

"संस्कृती, आईचं पुस्तक दे बाळा."

"न्हाई."

"संस्कृती!" राजेश्वरीचा आवाज चढला.

"राजे!" तिन्ही दिशांनी तीन बायका किंचाळल्या. "देवीवर डोळं वटारती?"

देवीने कॉस्टिंगच्या पुस्तकावर बसून गोळा खाल्ला. मग तिला आईचे रंगीत पेन हवे झाले, ते मिळाले. तिने गुलाबी पेनाने मानक खर्चाच्या संपूर्ण प्रकरणावर एक मोठा ढग काढला. साळूबाईंनी त्या पानाला हळदकुंकू वाहिलं.

बुधवारी राजेश्वरीने अमृतला दुकानाच्या मागे गाठून सगळं खरं सांगितलं. अमृतच्या गालावर चार दिवसांची दाढी उगवली होती आणि बिनफोडणीचं वरण खाऊन तोंड उतरलं होतं.

"म्हणजे डास होता?" तो म्हणाला.

"तीन होते."

"अगं, बाजारातली माणसं मला विचारायलीत, कोन गेलं म्हणून!"

"मग तुम्ही सांगा ना आईंना. तुमचं ऐकतील."

अमृतने बराच वेळ पोत्याचं तोंड शिवलं. "सांगितलं असतं," तो शेवटी म्हणाला, "पण काल मोठ्या आईने देवीपुढं माझ्या धंद्यासाठी कौल लावला. देवी व्हय म्हनली. आता मी काय बोलू?"

शनिवारी नवं संकट उभं राहिलं. आता ते छबूबाईंचं होतं. भावकीत देवी असताना मांडव घालता येत नाही. मांडववाला रविवारी येणार, सोमवारी हळद, मंगळवारी लग्न. तिथी हलवता येत नव्हती, हॉल हलवता येत नव्हता, आणि नवरीकडची माणसं तर मुळीच हलणारी नव्हती. ज्या बाईने नऊ दिवसांचा नियम सांगितला, त्याच बाईला आता तो नियम सात दिवसांवर आणायची निकड लागली होती.

"देवीला इच्यारू," छबूबाईंनी तोड काढली. "त्याच जाते म्हनल्या तर दोष न्हाई."

संध्याकाळी ओसरीवर सतरंजी घातली. संस्कृतीला मधे बसवलं. छबूबाईंनी नारळ ठेवला, हात जोडले आणि गोड आवाजात म्हणाल्या, "आई, लई दिस पाव्हनचार झाला. करणचं लगीन हाय. कवा जानार?"

संस्कृतीने तोंडातली कुल्फी बाजूला केली, विचार केला आणि स्वच्छ आवाजात सांगितलं, "मी न्हाई जानार."

करणने भिंतीला डोकं टेकवलं.

रविवारी सकाळी राजेश्वरी देवीला स्वयंपाकघरात घेऊन गेली आणि दार लोटलं. आतापर्यंत तिने एकच खोटं सांभाळलं होतं, आता ती दुसऱ्या खोट्याची तालीम करून घेणार होती, तीही तीन वर्षांच्या लेकराकडून. (आपण आई म्हणून कशा आहोत, हा प्रश्न तिला रोजच पडे. त्या दिवशी मात्र त्याचं उत्तर तिने पेपर संपेपर्यंत पुढे ढकललं.)

"छबूआजीने विचारलं की 'उद्या जाते' म्हणायचं."

"गोळा?"

"देईन."

"दोन?"

"दोन. काय म्हणायचं?"

"उद्या जाते. दोन गोळे."

"गोळ्यांचं नाही म्हणायचं!"

पुन्हा सतरंजी, पुन्हा नारळ. मांडववाला बांबू घेऊन अंगणात बसलेला. छबूबाईंनी प्रश्न विचारला. संस्कृतीने आईकडे पाहिलं आणि म्हणाली, "उद्या जाते."

राजेश्वरीने श्वास सोडला.

"आईसंगं जाते," देवी पुढे म्हणाली. "आई नगरला जानार हाय. मला पन यायचंय."

हे तालमीत नव्हतं. पण छबूबाईंचे डोळे पाण्याने भरले. "ऐकलं का साळू? देवीचीच इच्छा हाय. राजेनंच शिवंच्या भाईर न्यायचं. देवीनं सबूद दिला, आता मांडव घाला."

राजेश्वरीला क्षणभर खरंच देवी आहे असं वाटलं. पेपर मिळाला होता! फक्त एक गोष्ट तिच्या ध्यानात आली नव्हती, ती साळूबाईंनी बोलून दाखवली. "देवीला काय एकटं वाटंला लावत्यात व्हय? आमी समद्या येतो."

सोमवारी दहा वाजता पशुखाद्याचा छोटा हत्ती टेम्पो सजला. पुढे लिंबाचे डहाळे, मागे सतरंजीवर नऊ बायका, मधे संस्कृती, आणि कोपऱ्यात दहीभाताच्या पातेल्याशेजारी कॅल्क्युलेटर धरून राजेश्वरी. तिच्या कपाळावर रुपयाएवढं कुंकू आणि न विंचरलेल्या केसांत लिंबाचा तुरा. शिवेवर नैवेद्य ठेवला, पाणी ओतलं, आणि तिथेच देवी वाटेला लागल्या. विधी संपला होता. बायकांनी आता परत फिरायला हरकत नव्हती. पण टेम्पोत बसलोच आहोत तर नगरचा कापड बाजार बघून येऊ, असं एकमताने ठरलं. बस्ता राहिलाच होता, आणि हळद रात्री होती.

सेंटरच्या फाटकाशी वॉचमनने टेम्पो अडवला. "कुठली वरात?"

"वरात न्हाई," छबूबाई म्हणाल्या. "सुनेचा पेपर हाय."

आत तपासणीच्या बाईंनी राजेश्वरीच्या केसांतला लिंबाचा तुरा काढून घेतला आणि एकेक पान उलटंपालटं करून पाहिलं. "यावर काही लिहिलेलं नाही ना?"

"नाही हो मॅडम. देवीचा आहे."

"सगळे हेच म्हणतात," त्या म्हणाल्या आणि तुरा टेबलाखालच्या पेटीत टाकला.

पहिला पेपर मात्र बरा गेला. ज्या प्रकरणावर गुलाबी ढग होता त्यावरच मोठा प्रश्न आला, आणि ते पान तिने आठवडाभर इतक्या वेळा संतापाने पाहिलं होतं की त्यातली सगळी सूत्रं तिला ढगाच्या आकारासकट पाठ होती.

मंगळवारी ती लग्नात सकाळी सहापासून राबली. ज्या लग्नाची कामं टाळायला एवढं केलं, त्याच्या पंगतीत तिने चारशे माणसांना बुंदी वाढली, आणि बुधवारी डोक्यात बँडबाजा घेऊन दुसऱ्या पेपरला बसली. तो होता ऑडिटिंग अँड एथिक्सचा. सचोटी म्हणजे काय, ती कशी टिकवावी, घरच्यांच्या दडपणाखाली ती कशी ढळते, उदाहरणासह लिहा. उदाहरण तिच्याजवळ पहिल्या प्रतीचं होतं. तिने अर्धं लिहिलं, घाबरून खोडलं, परत लिहिलं, परत खोडलं. तीन तास संपले तेव्हा सचोटीवर दोन पानं भरली होती आणि दोन्हींवर काट मारलेली होती.

जुलैत निकाल लागला. राजेश्वरीने निकालाचं पान तीनदा उघडून तीनदा बंद केलं, म्हणून अमृतने मोबाईल घेतला. ओसरीवर साळूबाई शेंगा सोलत बसल्या होत्या. अंगणापलीकडून छबूबाई आल्या.

"कॉस्टिंग, बासष्ट," अमृत वाचू लागला. "फायनान्स, अठ्ठावन्न. आन् हे..." तो थांबला. "सदतीस. चाळीस लागतात."

राजेश्वरीने डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांपुढे सरकी पेंडीची पोती एकावर एक रचलेली दिसली.

"कशात गेली?" साळूबाईंनी विचारलं.

"एथिक्समध्ये."

"म्हंजी काय?"

अमृतला गोष्टी सावरून सांगता येत नसत. "नीती, आई," तो म्हणाला. "चांगलं-वाईट वागण्याचा विषय असतो. खरं बोलायचं, कुणाला फसवायचं नाही, असं."

साळूबाईंच्या हातातली शेंग तशीच राहिली. त्यांनी सुनेकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. राजेश्वरीला वाटलं, आता दुकानाच्या किल्ल्या पुढे येणार.

"मग परत बस बाई," साळूबाई म्हणाल्या.

"काय?" राजेश्वरीने डोळे उघडले.

"सप्टंबरात हाय ना परीक्षा? फारम भर. वाटंल तेवढा अभ्यास कर. पोरीला मी संभाळते. नापास झालेली सून घरात चालंल, पर नीतीत नापास झालेली गल्ल्यावं कशी बसवायची?"

"मग मोठ्या आईंना तरी सांगा ना, कुणाला सांगू नका म्हणून," राजेश्वरी कळवळून अमृतला म्हणाली. नगरच्या बाईंना फोन करून जागा सप्टेंबरपर्यंत राखा म्हणायचं तिने मनात ठरवूनही टाकलं होतं. फक्त त्यांनी विषय विचारू नये.

पण छबूबाई तोवर अंगण ओलांडून रस्त्यावर पोहोचल्या होत्या. त्यांचा आवाज पार बाजारतळापर्यंत गेला.

"न्हाई गं, पास हाय ती दोन्हीत! हिशोबाला लई हुशार हाय आमची राजे. तेवढं खरं बोलायचं शिकायचं राह्यलंय, त्येचीच शिकवनी लावनार हावोत!"