गाणारा वस्तरा

"आता ह्ये सांगितलं तर तुमचा इस्वास बसायचा न्हाई," नाथाजी म्हणाले, आणि आत चुलीपाशी त्यांच्या बायकोनं, पारूबाईंनी, कपाळावर हात मारून घेतला.

कुंडलच्या नाथाजींची उजवी मिशी कानाला टेकलेली होती. डावी नव्हतीच. सकाळी नऊपर्यंत होती. उजवी उतरवून दोन्ही बाजू सारख्या कराव्यात, तर तेवढ्यात पाहुण्यांची जीप दारात! कवठे महांकाळचे लालासाहेब बायको सोनाबाई आणि मुलगा प्रशांत यांना घेऊन नाथाजींच्या नातीला, अक्षताला, बघायला आले होते.

औंधचं स्थळ नाथाजींच्या तोंडानंच घालवलं होतं. फौजेत असताना बंद पडलेला रणगाडा आपण एकट्यानं ढकलून सुरू केला, असं त्यांनी सांगितलं. औंधकर 'कळवतो' म्हणून गेले ते गेलेच. म्हणून आज पारूबाईंनी बजावलं होतं, "आवं, यमाईची आण घ्या. आज एक बी थाप न्हाई. पोरीनं प्रशांतचा फोटू वहीत जपून ठेवलाय." नाथाजींनी आण घेतली होती.

पण लालासाहेबांनी पाणी पिऊन पहिलाच प्रश्न विचारला, "नाथाजीराव, ही एकच मिशी म्हंजी काय नवस हाय का?" त्यांची स्वतःची मिशी नुकत्याच उगवलेल्या मेथीसारखी कोवळी होती.

"नवस कसला! वडलांचा वस्तरा माळ्यावर गंजत पडला हुता. रॉकेलात बुडवला, राखंनं घासला, काचपेपर मारला, पट्ट्यावर परजला. पातं आरशावानी झालं. पण मुठीच्या दोन्ही पट्ट्या वाळवीनं खाल्लेल्या. नव्या करायच्या तर लाकूड कसं, खानदानी पायजे. गेलो मिरजेला, इलाही सतारवाल्याकडं. शंभर वर्साची मोडकी सतार पडलेली, तिची दांडी दिली त्यानं. म्हणला, नाथाजी, जपून. ह्यात लय राग मुरल्यात."

"मग?" लालासाहेब पुढं सरकले.

"मग काय! सकाळी गालाला लावला, आन वस्तरा गायाच लागला!"

प्रशांतला ठसका लागला. तेवढ्यात अक्षता बशा घेऊन आली. पुऱ्यांना चार-चार कोपरे होते.

"चार दिस झालं, लाटणं सापडंना," पारूबाई दारातून ओशाळून म्हणाल्या. "बाटलीनं लाटल्यात."

सोनाबाईंनी एक पुरी उलटीपालटी करून बघितली. "माझ्या बी अशाच हुत्यात," त्या नवऱ्याकडं तिरकं बघत म्हणाल्या.

नाथाजी आता थांबण्यातले नव्हते. "ह्या गालावर भूप, त्या गालावर मालकंस! शेजारच्या सिद्धूची म्हस दावं तोडून आली, न्हाणीच्या खिडकीत तोंड घातलं आन उभ्या उभ्या पान्हा सोडला. मागनं सिद्धू बादली घेऊन. त्याच्या मागनं निम्मी गल्ली. गुंडा पैलवान तर हमसून रडाय लागला. म्हणला, काका, आजून! आता मला गाल किती? दोन. ते संपलं. हनवटी बी संपली. थांबलो तर म्हस दूध आखडती, बादली निम्मीच भरल्याली. काय करू?"

"काय केलंसा?"

"मिशी दिली! समदी देणार हुतो, तेवढ्यात तुमच्या जीपचा हॉर्न वाजला. त्यो बेसूर हुता. म्हस उधळली."

लालासाहेबांनी बशी बाजूला सारली. औंधकरांनीही अगदी अशीच सारली होती. अक्षता खाली बघून पदराचं टोक पिळत होती.

लालासाहेबांनी हात पुढं केला. "वस्तरा बघू."

नाथाजींनी खिशातून काढून दिला. लालासाहेबांनी तो उघडला, मिटला, मुठीचा खिळा अंगठ्यानं हलवून बघितला. मग मूठ नाकाशी नेली आणि डोळे मिटून वास घेतला.

"खोटं!" ते गरजले. दचकलेल्या अक्षताचा हात लागून पाण्याचा तांब्या कलंडला.

"सतार न्हाई न् बितार न्हाई! कणकंचा वास येतोय ह्याला. शिसवी लाटणं उभं चिरलंय तुमी! आन खिळा ढिला ठोकला की पातं सटकतंय, ते थेट मिशीवर येतंय. मला नका शिकवू, नाथाजीराव. माझी बी मिशी अशीच..."

लालासाहेब थांबले. पण उशीर झाला होता.

सोनाबाईंनी बशी खाली ठेवली. पदर खोचला आणि पारूबाईंकडं वळल्या.

"ऐकलंसा न्हवं, विहीणबाई? आन मला दिवाळीपासनं सांगत्यात, लाटणं माकडानं न्हेलं म्हणून!"