गुडघे कुठी गेले?

मनोहरला माणसांची नावे लक्षात राहत नसत, हाडे राहत. भंडाऱ्यातल्या एका स्कॅन सेंटरमध्ये एक्स-रे आणि सीटी काढण्यात त्याची हयात गेली. भर बाजारात तो हाक मारी, "राम राम, डावा गुडघा." आणि डावा गुडघा निमूटपणे थांबे. मी इतकी वर्षे मुख्याध्यापक होतो, तरी त्याच्या लेखी मी केवळ ‘उजवं मनगट’. स्वतःच्या पुतणीच्या लग्नात फोटोग्राफरच्या आधी हाच म्हणाला, "हालू नका. श्वास रोखा." नवरदेवाने खरोखरच रोखला.

आमची गल्ली त्याला सरकलेला म्हणते. गल्लीचे मत चुकीचे आहे, आणि हे सांगण्याचा अधिकार माझ्याइतका दुसऱ्या कोणालाही नाही.

कोरोनाच्या साथीत सेंटरबाहेर रांगा लागल्या. पण त्या सगळ्या छातीच्या. माझ्या फाटकाबाहेर सायकल थांबवून तो म्हणाला, "सारा भंडारा छातीच होऊन बसला, गुरुजी. गुडघे कुठी गेले? मुतखडे कुठी गेले? लोकायचं पोट दुखनं बंद झालं का?"

बंद झाले नव्हते. लोक भीतीपोटी दुखणी दाबून घरात बसले होते. ज्यांनी तारखा घेतल्या आणि जे आलेच नाहीत, त्यांची नावे मनोहरने एका कागदावर उतरवली आणि ड्यूटी सुटल्यावर तो दारोदार फिरू लागला. कोणी दार उघडेना. दिवसभर त्या छात्यांमध्ये वावरलेला माणूस उंबऱ्याशी कोणाला हवा होता?

त्या कागदावर माझ्या पत्नीचे नाव होते. डॉक्टरांनी तिच्या पोटाचा सीटी लिहून दिला होता. टाळेबंदीत ती तारीख गेली. मनोहर तीनदा आला.

"काकूले सकाळी पयल्या नंबरावर घेतो, गुरुजी. मशीन पुसून ठेवतो."

"रोग घेऊन दारात कायले येऊन राहिला? जाय," मी म्हणालो.

आतून ती म्हणाली, "येईन बाबू. हे सरलं की येईन."

साथ सरली तेव्हा पोटातली गाठ यकृतापर्यंत पोचली होती.

मनोहर सेंटरसाठी गिऱ्हाइके गोळा करीत हिंडे, असे अजूनही सांगतात. साफ खोटे आहे. हे प्रथम कोण बोलले, तेही मला ठाऊक आहे. मी बोललो.

तिच्या तेरवीला तो मांडवाच्या कडेला बसला, जेवला नाही. निघताना फोटोसमोर हात जोडून म्हणाला, "शकुंतला केशवराव तिडके." त्याच्या तोंडून कोणाचे पूर्ण नाव मी प्रथमच ऐकत होतो.

"तुले नाव कसं ध्यानात राहिलं?" मी विचारले.

"जे आले त्यायची हाडं ध्यानात हायेत, गुरुजी. जे आलेच नाही, त्यायचं नावच तेवढं हाय माह्यापाशी."

मग कागद न काढता त्याने उरलेली नावे एकेक करून सांगितली.